गुणसूत्राच्या चित्रातली तिसरी पायरी

जीवशास्त्राच्या पुस्तकांत एक चित्र हमखास भेटते. आधी डीएनएचे दुपदरी सर्पिल, मग मण्यांची माळ, मग ३० नॅनोमीटर जाडीचा घट्ट पिळाचा दोर, मग त्याची वेटोळी आणि शेवटी फुलीच्या आकाराचे गुणसूत्र. चित्र सुबक आहे आणि फळ्यावर काढायलाही सोपे आहे. पण त्यातल्या सगळ्याच पायऱ्या सारख्या खात्रीच्या नाहीत.

पहिल्या दोन पायऱ्या भक्कम आहेत. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो. पेशीकेंद्रकाचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. हिस्टोन प्रथिनांच्या आठ रेणूंच्या गठ्ठ्याभोवती डीएनएच्या १४७ बेस-जोड्या सुमारे १.६५ वेढे घेतात. हाच माळेतला मणी, म्हणजे न्यूक्लिओसोम. त्यामुळे ५० नॅनोमीटर लांबीचा डीएनए ११ नॅनोमीटर रुंदीच्या चकतीत मावतो. रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये ही कल्पना मांडली. १९९७ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने तिचा बारीकसारीक तपशील मिळाला.

अडचण तिसऱ्या पायरीची आहे. १९७६ मध्ये फिंच आणि क्लुग यांनी पेशीबाहेर काढलेल्या माळा मॅग्नेशियमयुक्त द्रावणात पाहिल्या. त्या गुंडाळून सुमारे ३० नॅनोमीटरचा दोर झालेला दिसला. निरीक्षण खरेच होते, पण ते पेशीबाहेरचे. २०१७ मध्ये अमेरिकेतील साल्क संस्थेच्या संशोधकांनी पेशीच्या आतला डीएनए खास रंगद्रव्याने रंगवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिला. तेथे ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, वेड्यावाकड्या साखळ्या दिसल्या. त्या कुठे दाट होत्या, तर कुठे विरळ. कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींसारख्या काही पेशींत ३० नॅनोमीटरचा दोर आढळतो. सर्व पेशींचा नियम म्हणून तो शिकवता येणार नाही.

चित्राचा दुसरा दोष अधिक गंभीर वाटतो. ते फुलीपाशी संपते, म्हणून गुणसूत्र नेहमी तसेच असते असा मुलांचा समज होतो. वास्तविक हा आकार पेशीविभाजनाच्या वेळीच दिसतो. एरवी साखळ्या केंद्रकभर पसरलेल्या असतात, आणि जनुके वाचली जातात ती प्रामुख्याने तेव्हाच. जो भाग दाट दडपलेला, तो सहसा वाचला जात नाही. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच असून त्या वेगळ्या का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा इथे आहे. चित्र मात्र डीएनए म्हणजे पेटीत कोंबलेले सामान आहे असेच सुचवते.

पुस्तक बदलेपर्यंत शिक्षकांना एवढे करता येईल : चित्र फळ्यावर काढताना तिसऱ्या पायरीवर प्रश्नचिन्ह घालावे, ते का घातले हे सांगावे, आणि फुलीपासून मागे, पसरलेल्या साखळ्यांकडे जाणारा एक बाण काढावा.