विकास शुल्क एकदाच, सांडपाणी रोज

घराचा नकाशा मंजूर करून घेताना विकास शुल्क भरावं लागतं. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात ही तरतूद १९९२ मध्ये आली. राहत्या घरासाठी मूळ दर सोपा आहे: रेडी रेकनरच्या जमीनदरावर जागेसाठी अर्धा टक्का, बांधकामासाठी दोन टक्के. विचारही रास्त आहे. नवं घर पाणी, रस्ता, गटार यांच्यावर भार टाकतं. त्याचा वाटा बांधणाऱ्यानं उचलावा. हा पैसा वेगळा ठेवून सार्वजनिक सोयींवर खर्च करायचा, असंही कायदा सांगतो.

मग माझा आक्षेप कशाला? शुल्क एकदाच येतं, सांडपाणी मात्र रोज येतं. चाकण-तळेगावच्या कारखान्यांमुळे देहूच्या आसपास इमारती वाढल्या. शुल्कातून मैलाशुद्धीकरण केंद्र उभं राहील हो, पण त्याचं वीजबिल, कामगारांचा पगार? तो घरपट्टीतूनच निघायला हवा. घरपट्टी वाढवायला नको म्हणून शुल्कावरच विसंबलो, तर कालच्या इमारतींचं गटार उद्याच्या इमारतींच्या पैशानं बांधावं लागतं. बांधकाम थांबलं की तिजोरी रिकामी, आणि घाण इंद्रायणीत.

तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. त्यानं गोरगरीब ऋणातून सुटले. विकास शुल्काचा हिशेब बुडाला, तर ऋण आपल्याच डोक्यावर राहील. म्हणून दरवर्षी किती जमा झाले, कोणत्या प्रभागात कशावर खर्चले, हे नगरपंचायतीच्या दारावर लावा. मागणं एवढंच.