परक्या कातडीचे कलम

कोकणातील बागाईतदारास एका आंब्याची काडी दुसऱ्या रोपावर जगते, हे सांगावे लागत नाही. माणसाच्या कातडीचे तसे नाही. स्वतःच्या कपाळाची कातडी नाकावर बसते, हे आपल्या पुण्यातील कारागिरास ठाऊक होते; कावसजी नामक गाडीवानाचे कापलेले नाक ह्या रीतीने पुन्हा घडविल्याची सचित्र हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने १७९४ साली छापली. परंतु भावाची कातडी बहिणीच्या अंगावर का टिकू नये? ह्या प्रश्नामागे ज्यांनी आपल्या उमेदीची वर्षे घालविली, त्या सर पीटर मेडावर ह्यांचे 'मेमॉयर ऑफ अ थिंकिंग रॅडिश' हे १९८६ साली निघालेले आत्मवृत्त आम्ही नुकतेच पुन्हा वाचले. स्वतःस 'विचार करणारा मुळा' म्हणविणारा ग्रंथकार रडगाणे गाणार नाही, एवढे नावावरूनच उमगते.

ह्या ग्रंथास लावावयाची कसोटी ग्रंथकारानेच देऊन ठेविली आहे. १९६३ साली नभोवाणीवरील एका भाषणात त्यांनी, शास्त्रीय निबंध ही फसवणूक तर नव्हे ना, असा प्रश्न केला होता. निबंधातील माहिती खोटी असते असे त्यांचे म्हणणे नव्हते. आधी निर्विकारपणे माहिती गोळा केली व मग निष्कर्ष आपोआप गळून पडला, असा जो देखावा तेथे उभा करतात तो खोटा. वस्तुतः अटकळ आधी असते, असा त्यांचा आक्षेप. मग स्वतःची हकीकत सांगताना त्यांनी हा देखावा टाळला आहे काय?

बव्हंशी टाळला आहे. महायुद्धात ऑक्सफर्ड येथे त्यांच्या घराजवळ विमान कोसळले व त्यातील तरुण वैमानिक भयंकर भाजला. तेथून हा शोध सुरू होतो. पुढे ग्लासगो येथे टॉमस गिब्सन ह्या शस्त्रवैद्याबरोबर त्यांनी भाजलेल्या एका स्त्रीच्या जखमांवर तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे लाविले. ते प्रथम धरले, मग झडले. काही दिवसांनी त्याच भावाचे तुकडे पुन्हा लाविले, ते अधिकच लवकर नष्ट झाले. म्हणजे शरीरास पहिल्या पाहुण्याची ओळख राहिली होती! देवी येऊन गेलेल्या शरीराने देवी ओळखावी, त्यातलाच हा प्रकार. १९४३ साली हे प्रसिद्ध झाले, आणि पुढे सशांवरील प्रयोगांनी त्यास बळकटी आली.

ग्रंथातील सर्वांत रसाळ प्रसंग मात्र गाईंचा आहे. १९४८ साली स्टॉकहोमच्या एका परिषदेत मेडावर बोलून गेले, की जुळी वासरे एकबीज आहेत की द्विबीज, हे कातडीच्या कलमाने सहज ओळखता येईल. प्रत्यक्षात द्विबीज वासरांनीही एकमेकांची कातडी खुशाल स्वीकारली. ह्याचे कारण अमेरिकेतील रे ओवेन ह्यांनी १९४५ सालीच दाखवून दिले होते: गर्भाशयात अशा वासरांचे रक्त एकमेकांत मिसळते, आणि जन्मल्यावरही एकाच्या अंगात दुसऱ्याच्या रक्तपेशी नांदतात. हे कळताच मेडावर, बिलिंगहॅम व ब्रेंट ह्यांनी उंदरांच्या गर्भात परक्या जातकुळीच्या पेशी टोचल्या. ते उंदीर वाढल्यावर त्याच कुळीची कातडी त्यांस परकी राहिली नाही. हा निबंध १९५३ सालचा. आपली फजिती झाकून ठेवली असती, तर ही संगती वाचकांस कधीच दिसली नसती.

तथापि माणसास ह्याचा लाभ काय? पुढे कोणाचे मूत्रपिंड लागेल, हे जन्मापूर्वी कोण सांगणार? १९५४ साली बोस्टन येथे मूत्रपिंडाचे जे रोपण यशस्वी झाले ते एकबीज जुळ्या भावांतील, म्हणजे जेथे ह्या सहिष्णुतेची गरजच नव्हती. आणि इतरांसाठी वाट उघडली ती प्रतिकार दडपणाऱ्या औषधांनी. मेडावर हे लपवीत नाहीत. आपल्या शोधाचे महत्त्व अखेरीस व्यावहारिक नसून नैतिक ठरले, अभेद्य मानलेली भिंत भेदता येते एवढा धीर त्याने इतरांस दिला, असे ते स्वच्छ लिहितात. १९६० सालचे नोबेल पारितोषिक ज्या कार्याबद्दल मिळाले, त्याविषयी असे लिहिणारा मनुष्य आम्हांस विरळा वाटतो. पारितोषिकाच्या आपल्या रकमेतील भाग त्यांनी दोघां सहकाऱ्यांस दिला होता, हेही येथे सांगितले पाहिजे.

उणीव आहे ती दुसरीकडे. जेथे क्षणभर थांबावे तेथे ग्रंथकार विनोद करून पुढे सरकतो. १९६९ साली पक्षाघाताने त्यांचे अर्धे अंग लुळे पडले, त्या प्रकरणी हा विनोद शोभतो, किंबहुना तेथे तो धैर्याचेच रूप घेतो. परंतु ग्लासगोची ती स्त्री? भावाची कातडी तिच्या अंगावर दोनदा लाविली, दोनदा गळाली. त्या वेदनेवर एक नवे शास्त्र उभे राहिले. तिच्याविषयीची आमची जिज्ञासा हा ग्रंथ भागवीत नाही, आणि त्या दोघां भावंडांस काय वाटले असेल हा विचार वाचकानेच करावयाचा राहतो.

भाषा सुबोध आहे. जीवशास्त्राशी परिचय नसलेल्या वाचकाने गाईंचा प्रसंग प्रथम वाचावा, मग मागे वळून युद्धकाळाकडे यावे.