लाट, माणूस आणि नाव : डॉक बॉल व लिरॉय ग्रॅनिस यांच्या सर्फिंग-छायाचित्रांची समीक्षा

प्रस्तावना :

कंधारच्या माणसाला ‘समुद्र’ हा शब्द राष्ट्रकूटकालीन ‘जगत्तुंग समुद्र’ या तलावामुळे परिचित आहे. खऱ्या सागराची लाट मात्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. असे असताना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सर्फिंगच्या जुन्या छायाचित्रांचा विचार येथे कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या छायाचित्रांच्या निमित्ताने उपस्थित होणारा प्रश्न मात्र आपलाही आहे. एखाद्या गावाचा क्रीडा-इतिहास कोणाच्या हातातील कॅमेऱ्याने लिहिला जातो आणि त्यात कोणाची नावे उरतात, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात डॉ. जॉन हीथ ऊर्फ ‘डॉक’ बॉल (१९०७-२००१) आणि लिरॉय ग्रॅनिस (१९१७-२०११) या दोन छायाचित्रकारांच्या कार्याची या दृष्टीने समीक्षा केली आहे.

पार्श्वभूमी :

फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येण्याची कला हवाई बेटांवरील लोकांची आहे. कॅप्टन कुक याच्या मोहिमेतील युरोपियनांनी १७७८-७९ मध्ये ती पाहिली व तिचे वर्णन लिहून ठेवले. १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई बेटे आपल्या ताब्यात घेतली. त्याच सुमारास फ्रँक डेव्ही याने वायकिकीच्या किनाऱ्यावर टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. कटिवस्त्र नेसलेला, हातात फळी धरलेला एक हवाईयन पुरुष त्यात दिसतो. पर्यटकांसाठी छापल्या जाणाऱ्या त्या काळातील चित्रपत्रांमध्ये असा माणूस बहुधा ‘स्थानिक रहिवासी’ म्हणूनच येतो. त्याचे शरीर दिसते, त्याचे नाव कळत नाही. पाहणारा बाहेरचा असतो आणि पाहिला जाणारा दृश्याचा भाग बनतो.

ही स्थिती पुढे काही अंशी बदलली. होनोलुलूच्या ए. आर. गरी याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘द सर्फ रायडर्स ऑफ हवाई’ ही छायाचित्रांची छोटी पुस्तिका तयार केली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळविणारा ड्यूक कहानामोकू हा तर जगभर नावाने ओळखला गेला. परंतु तो अपवाद होता. सामान्य सर्फरच्या नावाची नोंद व्हायची, तर छायाचित्रकार त्याच्याच सोबत्यांपैकी असावा लागणार होता.

डॉक बॉल : सोबत्याचा कॅमेरा

बॉल हा व्यवसायाने दंतवैद्य. १९३१ मध्ये वर्तमानपत्रात आलेले टॉम ब्लेक याचे सर्फिंगचे छायाचित्र पाहून तो या छंदाकडे वळला. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या ‘पालोस व्हर्डीस सर्फ क्लब’चा तो संस्थापक सदस्य होता. त्या काळच्या फळ्या भरीव लाकडाच्या व अतिशय जड असत. अशा फळीवरून खोल पाण्यात जाताना बॉल याने स्वतः तयार केलेल्या जलरोधक पेटीत कॅमेरा नेला. किनाऱ्यावरून टिपलेली लाट लांबून पाहिलेल्या डोंगरासारखी दिसते. बॉलच्या छायाचित्रांत मात्र आपण लाटेच्या पातळीवर असतो आणि समोरून येणारा सर्फर आपल्या अंगावर येतो की काय, असे वाटते.

१९४६ मध्ये त्याने ‘कॅलिफोर्निया सर्फरायडर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या अवघ्या ५१० प्रती निघाल्या होत्या. या पुस्तकाचे खरे मोल तंत्रापेक्षा त्याच्या रचनेत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. छायाचित्राखाली सर्फरचे नाव, किनाऱ्याचे नाव आणि बहुतेक वेळा एखादी थट्टेची ओळ असते. पराक्रमाबरोबर पडणे-झडणे, जखमा, वाळूवरचे खाणेपिणे, फळ्यांची डागडुजी हेही येते. हे पुस्तक अनोळखी ग्राहकासाठी केलेले नाही. मित्रांनी मित्रांना दाखवायची ती वही आहे. म्हणूनच आज तिला ऐतिहासिक साधनाचे मूल्य प्राप्त झाले आहे.

लिरॉय ग्रॅनिस : छंदाकडून बाजाराकडे

ग्रॅनिस हा हर्मोसा बीचचा रहिवासी, बॉलच्याच क्लबातला तरुण सोबती. तो टेलिफोन कंपनीत नोकरीस होता. चाळिशी उलटल्यावर प्रकृतीच्या तक्रारीमुळे डॉक्टरांनी त्याला एखादा विरंगुळा शोधण्यास सांगितले. १९५९-६० च्या सुमारास तो कॅमेऱ्याकडे वळला. पाण्यातून बाहेर न येता फिल्म बदलता यावी, अशी पेटीही त्याने बनविली.

त्याचा काळ वेगळा होता. १९५९ मध्ये ‘गिजेट’ हा चित्रपट आला, १९६० मध्ये जॉन सेव्हरसन याने ‘द सर्फर’ हे प्रकाशन सुरू केले आणि हलक्या फोमच्या फळ्यांमुळे किनारे गजबजले. ग्रॅनिसची छायाचित्रे नियतकालिकांत छापली जाऊ लागली. त्यांत लाटेइतकेच लक्ष किनाऱ्यावरील माणसांवर आहे : स्पर्धेचे प्रेक्षक, मोटारींवर बांधलेल्या फळ्या, तरुणांचे कपडे व केस. एका समाजाचे बदलते राहणीमान त्यांतून वाचता येते. मात्र बॉलकडे सर्व सोबती सारखे होते. ग्रॅनिसकडे विजेते, संघ आणि नामांकित चेहरे हळूहळू पुढे येतात. दोष छायाचित्रकाराचा नाही. चित्र ज्याच्यासाठी काढले जाते तो बदलला की चित्रही बदलते. पुढे २००० नंतरच्या दशकात हीच छायाचित्रे मोठ्या किमतीच्या ग्रंथांत व कलादालनांत पोहोचली.

चौकटीबाहेरचा किनारा :

सोबत्याच्या कॅमेऱ्याची एक मर्यादा असते. तो सोबत्यांनाच पाहतो. हर्मोसा बीचला लागूनच मॅनहॅटन बीच आहे. तेथे विला व चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याने १९१२ मध्ये जागा घेऊन आपल्या समाजासाठी विश्रामस्थान चालविले. १९२४ मध्ये उद्यानाचे कारण पुढे करून नगरप्रशासनाने ही जमीन सक्तीने संपादित करण्याची कार्यवाही सुरू केली. त्यांच्या वारसांना ती २०२२ मध्ये परत मिळाली. सान्ता मोनिका येथेही कृष्णवर्णीयांचा किनारा वेगळा होता. तेथे लाटांशी ओळख झालेला निक गाबाल्डोन (१९२७-१९५१) चांगल्या लाटांसाठी फळीवर पालथा पडून, हातांनी पाणी कापत, सुमारे १२ मैल दूर मालिबूला जात असे. १९५१ मध्ये मालिबूच्या धक्क्यावर आदळून त्याचा मृत्यू झाला. त्याची छायाचित्रे फारच थोडी आहेत.

बॉलच्या वहीतील निखळ मैत्री खरी आहे, आणि त्या मैत्रीभोवतीचे कुंपणही खरे आहे. सुझन सोंटॅग यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात छायाचित्रण व सत्ता यांचा संबंध उलगडला. तो प्रामुख्याने परक्याच्या नजरेपुरता समजला जातो. आपुलकीची नजरसुद्धा निवड करते, हे या उदाहरणावरून लक्षात येते. म्हणून अशा संग्रहाचे वाचन करताना ‘यात कोण आहे’ या प्रश्नाबरोबर ‘याच्या पलीकडच्या किनाऱ्यावर कोण होते’ हेही विचारणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

आपल्या परिसराच्या संदर्भात :

नांदेड-लातूर परिसरात लाटेची जागा लाल मातीने घेतली आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, १९७२ मध्ये रुस्तुम-ए-हिंद झाले. त्यांचे नाव इतिहासात आहे. परंतु जत्रेच्या फडात त्यांच्या पिढीबरोबर लढलेले, नारळावर व फेट्यावर समाधान मानणारे मल्ल कोठे आहेत? जुन्या तालमींच्या भिंतींवर, घरांच्या देवळ्यांत त्यांच्या तसबिरी अजून आढळतात. काचेखाली ओल शिरलेली असते. फोटो स्टुडिओचा शिक्का वाचता येतो, मल्लाचे नाव मात्र कोणी लिहिलेले नसते. ते सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

समारोप :

बॉल हा नामवंत कलावंत नव्हता. दात काढणाऱ्या एका डॉक्टरने मित्रांची नावे चित्राखाली लिहिली आणि त्यामुळे एका किनाऱ्याचा भूतकाळ टिकला. त्याच्या वहीबाहेर जे राहिले, त्यांचा शोध पुढील पिढ्यांना कष्टाने घ्यावा लागला. या दोन्ही गोष्टींपासून आपल्या महाविद्यालयांतील मराठी, इतिहास व शारीरिक शिक्षण या विभागांनी बोध घेण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील तालमीची तसबीर उतरवून वडीलधाऱ्यांसमोर ठेवावी, प्रत्येक चेहऱ्याचे नाव विचारावे आणि ते मागील बाजूस लिहावे. त्याचबरोबर त्या तालमीत कोणाला प्रवेश नव्हता, हेही विचारून नोंदवावे. या कामाला अनुदानाची गरज नाही. वेळ मात्र थोडा उरला आहे.