उंच कोणामुळे – दुधामुळे की पावडरीमुळे?

दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून व्यापारी जाहिराती दिसू लागल्या. नाशिकमधल्या माझ्यासारख्या अकरावीच्या विद्यार्थ्यांना आज त्यांतली वाक्ये व्याख्यांपेक्षा लवकर पाठ होतात. म्हणूनच त्यांना विज्ञानाच्या तासाचे प्रश्न विचारायला हवेत.

दुधात घालायच्या पावडरीचे उदाहरण घेऊ. ती घेणारी मुले 'उंच, बळकट, तल्लख' होतात, असा हॉर्लिक्सचा दावा होता. पण पावडर दुधातून घेतली, तर वाढीचे श्रेय कोणाचे? तुलना नुसते दूध पिणाऱ्या मुलांशीच करायला हवी. शिवाय वाढत्या वयात उंची वाढतेच. आनुवंशिकता, एकूण आहार आणि आजारपण यांचाही तिच्यावर परिणाम होतो. नियंत्रित गट नसलेल्या प्रयोगाला प्रात्यक्षिक परीक्षेत गुण मिळणार नाहीत. पडद्यावर मात्र तो खपून जातो.

ही जाहिरात ब्रिटनमध्ये एका नेपाळी वाहिनीवर दिसली, तेव्हा तिथल्या जाहिरात-नियामक संस्थेने २००८ मध्ये पुराव्याअभावी ती नाकारली. एप्रिल २०२४ मध्ये भारत सरकारनेही ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासारखी पेये 'आरोग्य पेये' या वर्गातून काढायला सांगितले. कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'आरोग्य पेय' अशी व्याख्याच नाही.

शिक्षकांनी असा एखादा रिकामा डबा वर्गात आणावा. त्यावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर कितवी आहे, ते मुलांनी शोधावे. डब्याच्या किमतीत दूध, अंडी, शेंगदाणे किती येतील, याचाही हिशेब मांडावा आणि तो घरी दाखवावा.