जेवणाचे टेबल आणि गुणसूत्रे

शिकागो विद्यापीठातील डॉ. जॅनेट राउली (१९२५–२०१३) यांच्यावरचे बहुतेक लेख एकाच साच्याचे असतात. चार मुलांची आई, अर्धवेळ नोकरी, घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापत बसणे, मुलांनी केलेली चेष्टा आणि मग मोठा शोध! तपशील खरे आहेत. तक्रार अशी, की या कथनात विज्ञानच गळून जाते.

मूळ प्रश्न काय होता? १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल व हंगरफर्ड यांना रक्ताच्या एका कर्करोगात (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) एक आखूड गुणसूत्र आढळले. त्याचा तुकडा नाहीसा झाला असावा, असा समज झाला. गुणसूत्रे तेव्हा सरसकट एकसारखी रंगत, त्यामुळे शहानिशा करणे अवघड होते. १९७० च्या सुमारास गुणसूत्रांवर आडवे पट्टे दाखवणारी पद्धत आली. राउलींनी ती वापरली, पण केवळ आखूड झालेले २२ क्रमांकाचे गुणसूत्र पाहून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी सर्व जोड्या तपासल्या, तेव्हा ९ क्रमांकाचे एक गुणसूत्र लांबलेले दिसले. म्हणजे तुकडा हरवला नव्हता, त्याने जागा बदलली होती! १९७३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

गुणसूत्रांतील गोंधळ हा कर्करोगाचा परिणाम आहे, असे तेव्हा अनेकजण मानत. पण मग निरनिराळ्या रुग्णांत नेमका तोच बदल का दिसावा? पुढे १९८० च्या दशकात कळले, की या सांध्यावर दोन जनुके जोडली जाऊन सतत चालू राहणारे एक विकर तयार होते. त्याला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

दुसरी गाळलेली बाजू संधीची. राउली १९४८ साली डॉक्टर झाल्या, गुणसूत्रांचे तंत्र ऑक्सफर्डला शिकल्या आणि परतल्यावर लिऑन जेकबसन यांनी त्यांना प्रयोगशाळेत जागा व सूक्ष्मदर्शक दिला. अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रीला संस्थेने सामावून घेतले, म्हणून पुढचे घडले. हे वगळले, तर संशोधनाला चिकाटी आणि घरचे टेबल पुरते, असा चुकीचा धडा आपल्या विद्यार्थिनी घेतील.

वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी. मात्र आधी फळ्यावर एक आखूड गुणसूत्र काढून विचारावे: “तुकडा कुठे गेला असेल? शोधायचा कसा?”