मिटलेली रेषा

पुण्याच्या पेठांमधला जुना वाडा पुनर्विकासाला निघाला की त्याचं शेवटचं चित्र बहुधा ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उमटतं. पाडायचं बांधकाम पिवळ्या हॅचने (बंद आकृतीत भरलेल्या रेघांनी), नवं लाल रंगात, भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेत. मंजुरीचा नकाशा हातात आला की बहुतेकांची नजर लाल भागाकडे जाते, कारण फ्लॅट तिथे असतात. मला ओढ पिवळ्याची. ड्राफ्ट्समनचा हात तिथे पारखता येतो. हॅच बसायला बाह्यरेषा बंद लागते, आणि वाड्याची बाह्यरेषा सहजी बंद होत नाही.

भिंती काटकोनात नसतात. एक बाजू शेजाऱ्याला खेटलेली, दुसरी बोळाच्या वळणाबरोबर वळलेली. टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने घेतलेले बिंदू जोडत गेलं की रेषेचे कितीतरी तुकडे होतात, आणि प्रत्येक सांध्यात फट राहू शकते. आत क्लिक करून हॅच मागावा तर ऑटोकॅड हद्द बंद नसल्याचं सांगतं आणि सुट्या टोकांवर लाल वर्तुळं उमटवतं. ही वर्तुळं मला फार आवडतात. नुसता नकार न देता दुखणं कुठे आहे तिथे बोट ठेवणारी अवजारं थोडीच असतात.

मग झूम करत आत जायचं. एक टोक कोपऱ्याच्या अलीकडे थांबलेलं, नाहीतर पलीकडे डोकावलेलं. फिलेट या आज्ञेची त्रिज्या शून्य ठेवून दोन्ही रेषांवर क्लिक केलं की आखूड पडलेली लांबते, लांबलेली छाटली जाते आणि कोपरा नेमका मिटतो. परस्परविरुद्ध दोन दोषांना एकच उपाय. ज्याने हा पहिल्यांदा योजला त्याच्या बुद्धीला दाद द्यावीशी वाटते.

खरी कसोटी तिसऱ्या प्रकारच्या फटीची. वर्तुळाच्या ठिकाणी कितीही आत जा, टोकं एकमेकांवर तंतोतंत बसलेली दिसतात, तरी जॉइन होत नाहीत. कारण फट आडवी नसून उभी असते. टोटल स्टेशन प्रत्येक बिंदूची उंचीही टिपतं. एक बिंदू जोत्यावर घेतलेला, दुसरा रस्त्याच्या पातळीला; वरून पाहिलं तर एकच जागा, समोरून पाहिलं तर मध्ये दीड फुटाची पोकळी. जाणकार ड्राफ्ट्समन अशा वेळी झूम सोडतो, प्रॉपर्टीजमध्ये दोन्ही टोकांचा झेड, म्हणजे उंची, वाचतो, नाहीतर सरळ फ्रंट व्ह्यू उघडतो. फ्लॅटनची आज्ञा देऊन सगळं शून्य उंचीवर आणलं की रेषा मुकाट जुळते. वरून सपाट दिसणाऱ्या नकाशात वाड्याचं जोतं असं दडून बसलेलं असतं, आणि ते सापडतं ते फटीमुळेच.

हा खटाटोप दिसण्यापुरता नाही. ट्रेसिंग पेपरच्या काळात केसभर फट पाहणाऱ्याची नजरच मिटवून टाकी. क्षेत्रफळ काढायला मात्र तेव्हाही प्लॅनिमीटरची सुई हद्दीवरून फिरवत सुरुवातीच्या बिंदूवर परत आणावीच लागे. आता नजरेची ती सवलत संपली. पुण्याच्याच सॉफ्टटेक इंजिनिअर्सने केलेली ऑटोडीसीआर ही नकाशा-तपासणीची प्रणाली पुणे महापालिकेने वापरली. ती ठरलेल्या लेअरवरच्या बंद पॉलिलाइनींवरून, म्हणजे सलग जोडलेल्या रेषांवरून, क्षेत्रफळं वाचते. गंमत अशी की पॉलिलाइन उघडी असली तरी ऑटोकॅड क्षेत्रफळाचा आकडा देतंच. दोन टोकांमध्ये सरळ रेघ आहे असं धरून चालतं. टोकं केसभर लांब असतील तर चालून जातं. बोळाकडचा एखादा वळसाच राहून गेला असेल तर काही चौरस मीटर गायब होतात, आणि तरी आकडा ठामपणे समोर उभा असतो. म्हणून क्षेत्रफळाच्या आधी ‘क्लोज्ड’पुढे ‘येस’ आहे का, ते पाहायचं. भाडेकरूच्या ताब्यातली जुनी जागा मोजायची असेल तेव्हा तर नक्कीच.

भाडेकरूंच्या अशा खोल्यांमधला माझा सगळ्यात आवडता तपशील दाराचा. दारापाशी भिंतीची रेषा तुटते. माणसाला ते दार वाटतं, हॅचला भगदाड. रंग तिथून थेट चौकात सांडतो. म्हणून छापला न जाणाऱ्या लेअरवर दाराच्या चौकटीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत रेघ ओढतात. नकाशात उंबरठा बसवतात तो असा. नव्या फ्लॅटच्या कार्पेट एरियाची रेषाही अशीच दारांची पर्वा न करता जाते. 2016च्या रेरा कायद्याप्रमाणे आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या नाहीत, त्यामुळे ती बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडेने अखंड फिरते.

घाईच्या वेळी फट न शोधता हॅच बसवण्याची सोयही आहे. गॅप टॉलरन्स वाढवला की ऑटोकॅड फटीकडे काणाडोळा करतं. पिवळा रंग छान बसतो, रेषा उघडीच राहते. मला हे मान्य नाही. पॉलिलाइन दुरुस्त करणाऱ्या पीएडिट या आज्ञेतला फझ डिस्टन्स त्याहून प्रामाणिक, कारण तो रेषा खरोखर जोडतो. पण तोही हात राखून द्यावा. चार-पाच मिलिमीटरमध्ये मोजणीतल्या फटी मिटतात. आकडा मोकळ्या हाताने वाढवला तर भिंतीतल्या देवळीची दोन टोकंही फट समजून सांधली जातात, आणि मोजणीवाल्याने नेमकी टिपलेली देवळी बाह्यरेषेतून सुटते.