चिमटीत धरलेलं कापड

हेलन केलर यांच्या 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' (1903) मधला पाण्याच्या पंपाचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्याआधीची पानं जास्त आवडतात, कारण ती कपड्यांनी भरलेली आहेत. 19 महिन्यांची असताना दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेली ही मुलगी आईच्या झग्याला धरून घरभर फिरते. पाचव्या वर्षी धुऊन आलेल्या कपड्यांच्या घड्या घालते, त्यातले आपले बरोबर वेगळे काढते. आई आणि आत्या बाहेर निघाल्या की त्यांच्या पेहरावावरून तिला कळतं, आणि 'मलाही न्या' म्हणून ती हटून बसते.

एवढंच. कापड रेशमी होतं की लोकरी, मऊ की खरखरीत, याबद्दल अवाक्षर नाही. अंध माणसाच्या बोटांकडून आपण डोळस वाचक मखमलीची वर्णनं मागत असतो. पुढे 'द वर्ल्ड आय लिव्ह इन' (1908) मध्ये केलर तीही देतात. गुलाबाची मखमल वेगळी, पिकल्या पीचची वेगळी, बाळाच्या गालाची वेगळी, असं बारकाईनं सांगतात. सुंदर आहे, पण जरा नटवलेलं. पहिल्या पुस्तकात कापडाला विशेषण नाही, कारण तिथे कापड ही खबर आहे : आई चालली, मी मागे राहणार. हात लागताक्षणी धास्ती येते ती त्या खबरीची. आपल्याकडेही आई घरच्या मऊ पडलेल्या साडीतून खळ दिलेल्या साडीत शिरली की कडेवरचं पोर भोकाड पसरतंच ना!

सगळ्यात धीट जागा आगगाडीतली. वडील तिला बाल्टिमोरच्या नेत्रतज्ज्ञाकडे नेत आहेत. वाटेत आत्या टॉवेलांची बाहुली करून देते. बेढब, नाक, तोंड, कान, डोळे काहीच नाही. बाकीचं पोरीला चालतं, डोळे नसणं चालत नाही. ती बाकावरून खाली उतरते, चाचपत आत्याचा मोठमोठे मणी लावलेला केप शोधते आणि त्यातले दोन मणी सरळ तोडते. आत्या तिचा हात आपल्या डोळ्यांवर नेऊन विचारते : हे हवेत? मुलगी जोरजोरात मान हलवते. मणी शिवले जातात. तिचा आनंद पोटात मावत नाही.

दुसऱ्या कुणी इथे आपल्याला रडवलं असतं. अंध मूल, डोळ्यांचा डॉक्टर, बाहुलीचे डोळे : सगळं हाताशी तयार होतं. केलर मात्र त्याच वाक्यात सांगून टाकतात की डोळे लागल्याबरोबर बाहुलीतला आपला रस संपला. केपच्या दोन मण्यांचं पुढे आत्यानं काय केलं, तेही त्या सांगत नाहीत.